बारा गावचे बारा

रुग्ण तपासल्याविना रोगाचे भाकीत करू नये, हे आपल्याला वैद्यकीय शिक्षणाच्या उंबरठ्यावरच शिकविले जाते. अमेरिकेतील क्रीडापत्रकारांवर मात्र असे कोणतेही बंधन नाही. दरवर्षी ऑक्टोबर महिन्यात, महाविद्यालयीन बास्केटबॉलचा एकही सामना झालेला नसताना, असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेसाठी देशभरातील साठाहून अधिक पत्रकार मतदान करतात आणि पहिल्या पंचवीस संघांची यादी प्रसिद्ध होते. १९६१ सालापासून ही प्रथा चालू आहे. नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात हंगाम सुरू होतो आणि खरा निकाल लागतो तो मार्च-एप्रिलमध्ये, ६८ संघांच्या राष्ट्रीय स्पर्धेत. तेथे एकदा हरले, की थेट घरी! या दोहोंमधील पाच महिन्यांत किती भाकिते कोसळतात, याचा हिशेब कोणी ठेवत नाही. पुढच्या ऑक्टोबरात नवी यादी तेवढ्याच उत्साहाने वाचली जाते.

वैद्यकांच्या स्मरणिकेत हा विषय कशासाठी, अशी शंका सुज्ञ वाचकांच्या मनात येणे स्वाभाविक आहे. त्याला पहिले उत्तर असे, की हा खेळ मुळात एका डॉक्टरचा आहे. जेम्स नेस्मिथ यांनी १८९१ साली स्प्रिंगफिल्ड येथे बास्केटबॉलचा आरंभ केला आणि पुढे १८९८ साली डेन्व्हर येथून वैद्यकीय पदवी घेतली. त्याच वर्षी ते कॅन्सस विद्यापीठात दाखल झाले व तेथील संघाचे पहिले प्रशिक्षक ठरले. गंमत अशी, की जिंकलेल्या सामन्यांपेक्षा हरलेले सामने अधिक असा पदरी हिशेब असणारे कॅन्ससच्या इतिहासातील ते एकमेव प्रशिक्षक आहेत. त्यांचे शिष्य फॉग ॲलन हे ऑस्टिओपॅथीचे पदवीधर. ॲलन यांच्या हाताखाली खेळलेले अ‍ॅडॉल्फ रप यांनी १९३० पासून ४२ वर्षे केंटकी विद्यापीठाचा संघ घडविला. दुसरे उत्तर आणखी जवळचे आहे. त्याच केंटकीच्या प्रशिक्षकपदी २०२४ साली जे गृहस्थ आले, त्यांनी न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात सुमारे तीन वर्षे वैद्यकशास्त्राचा अभ्यास केला होता. त्यांच्याविषयी पुढे सविस्तर येईलच. शिवाय आपल्यापैकी अनेकांची मुले, पुतणे, भाचे आज त्या देशातील विद्यापीठांत आहेत आणि मार्च महिन्यात त्यांचे फोन उशिरा का येतात, याचे कारण ठाऊक असलेले बरे.

प्रश्न असा आहे : ज्या संघातील बहुसंख्य खेळाडू नवे आहेत, त्याच्याकडून हंगामापूर्वी नेमकी कोणती अपेक्षा धरावी?

एके काळी हा प्रश्न उद्भवतच नसे. १९७२ पर्यंत पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना, ज्यांना तिकडे 'फ्रेशमन' म्हणतात, मुख्य संघातून खेळण्याची सर्वसाधारणपणे मुभाच नव्हती. त्यांचा स्वतंत्र संघ असे. १९६५ च्या नोव्हेंबरात लॉस एंजेलिसच्या यूसीएलए विद्यापीठात नव्या क्रीडागाराच्या उद्घाटनानिमित्त या नवख्यांचा आणि मुख्य संघाचा सामना झाला. मुख्य संघ साधासुधा नव्हता. लागोपाठ दोन वर्षांचा राष्ट्रीय विजेता आणि त्या ऑक्टोबरच्या यादीत पहिल्या क्रमांकावर असलेला! नवख्यांनी तो सामना ७५-६० असा जिंकला. त्यांतील लू अल्सिंडर नावाच्या उंच मुलाने ३१ गुण मिळविले. पुढे जग त्याला करीम अब्दुल-जब्बार या नावाने ओळखू लागले. म्हणजे देशातील सर्वोत्तम मानला गेलेला संघ स्वतःच्या विद्यापीठातही सर्वोत्तम नव्हता. त्या वर्षी मुख्य संघाला राष्ट्रीय स्पर्धेत प्रवेशही मिळाला नाही.

नियम बदलला, पण खरी उलथापालथ झाली ती २००६ नंतर. व्यावसायिक संघटना एनबीएने नवोदितांसाठी किमान १९ वर्षांची अट घातली. परिणामी शालेय जीवनातच कीर्ती मिळविलेली मुले विद्यापीठात एकच वर्ष काढू लागली. ऑगस्टमध्ये यावे, एप्रिलमध्ये जावे. केंटकीचे तत्कालीन प्रशिक्षक जॉन कॅलिपारी यांनी ही परिस्थिती अडचण न मानता तीच आपली पद्धत केली. २०१२ साली तिला मोठे यश आले. अँथनी डेव्हिस या प्रथम वर्षाच्या खेळाडूच्या नेतृत्वाखाली केंटकीने विजेतेपद पटकावले. त्या संघात नवी मुले होती हे सर्वांच्या लक्षात राहिले. पण डॅरियस मिलर हा अंतिम वर्षाचा, आणि टेरेन्स जोन्स व डोरोन लँब हे दुसऱ्या वर्षाचे खेळाडूही होते, हे मात्र पुढच्या ऑक्टोबरपर्यंत बहुतेकांच्या विस्मरणात गेले.

पुढच्या वर्षी पुन्हा नवी तुकडी आली. पत्रकारांनी तिला तिसरा क्रमांक दिला. फेब्रुवारी २०१३ मध्ये फ्लोरिडाविरुद्धच्या सामन्यात नर्लन्स नोएल या मध्यवर्ती खेळाडूच्या गुडघ्याचा अँटिरियर क्रूशिएट लिगामेंट तुटला. आपल्याला त्याचा अर्थ वेगळा सांगायला नको. एक गुडघा गेला आणि पूर्ण संघ कोसळला. राष्ट्रीय स्पर्धेत स्थान मिळाले नाही आणि दुय्यम स्पर्धेच्या पहिल्याच फेरीत रॉबर्ट मॉरिस या लहानशा विद्यापीठाने त्यांना ५९-५७ असे हरविले. मुरलेल्या संघातील एखादा खेळाडू जायबंदी झाला, तर उरलेल्यांना त्याच्यावाचून खेळण्याची थोडीफार सवय असते. नव्या संघाला नेहमीचीच सवय लागलेली नसते, मग पर्यायाची कुठून असणार?

एवढे झाल्यावर अपेक्षांचा ज्वर उतरला असेल, असे कोणालाही वाटेल. प्रत्यक्षात २०१३ च्या ऑक्टोबरात तो शिगेला पोहोचला. ज्युलियस रँडल, अँड्र्यू आणि आरन हे जुळे हॅरिसन बंधू, जेम्स यंग, डकारी जॉन्सन, मार्कस ली असे सहा नामांकित नवखे एकाच वेळी आले. तोवर एवढी गुणवत्ता एका तुकडीत कधीच आली नव्हती, असा गवगवा झाला. यादीत पहिला क्रमांक मिळाला. एकही सामना न हरता चाळीसच्या चाळीस जिंकणार, अशा अर्थाचे '४०-०' छापलेले टी-शर्ट विकले जाऊ लागले. बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी, म्हणतात ते हेच!

१२ नोव्हेंबर २०१३ रोजी शिकागो येथे मिशिगन स्टेटने केंटकीला ७८-७४ असे हरविले आणि हंगामाच्या दुसऱ्याच आठवड्यात ते टी-शर्ट कपाटात गेले. त्यानंतर पराभव येतच राहिले. बचाव विस्कळीत होता, संकटात प्रत्येक जण स्वतःच्या बळावर मार्ग काढू पाहत होता. दोष मुलांचा नव्हता. शाळेत प्रत्येक जण आपापल्या संघाचा एकमेव आधार होता. चेंडू आपल्याच हाती यावा आणि आपणच तो टाकावा, हे त्यांच्या अंगवळणी पडले होते. आपल्या इस्पितळांतही असे दृश्य काही अपरिचित नाही. नव्या टर्मच्या पहिल्या आठवड्यात कॅज्युअल्टीत सगळे निवासी डॉक्टर नवे असावेत, सगळे सुवर्णपदकविजेते असावेत, आणि रुग्ण निळा पडू लागला असता लॅरिंगोस्कोप कोणत्या खणात आहे हे मात्र केवळ जुन्या सिस्टरला माहीत असावे, तसेच हे. केंटकीच्या त्या संघात 'जुनी सिस्टर' जवळपास नव्हती.

मार्चपर्यंत दहा पराभव झाले. पहिल्या पंचविसांतूनही नाव गेले. राष्ट्रीय स्पर्धेत प्रत्येक विभागातील सोळा संघांना एक ते सोळा असे मानांकन मिळते. केंटकीला आठवे मिळाले. ज्या पत्रकारांनी त्यांना अजिंक्य म्हटले होते, त्यांतील अनेकांनी आता हा प्रयोग फसल्याचे जाहीर केले. आणि नेमक्या याच वेळी रोग्याने डोळे उघडले! कॅलिपारी यांनी एक लहानसा बदल केल्याचे सूतोवाच केले होते. तो काय, ते पुढे कळले. चेंडू पुढे नेणाऱ्या अँड्र्यू हॅरिसनला त्यांनी स्वतः कमी नेम धरून इतरांना अधिक संधी निर्माण करून देण्यास सांगितले होते. औषध तेच, मात्रा बदलली. ३५ सामने जिंकून एकही न हरलेल्या विचिटा स्टेटला त्यांनी ७८-७६ असे घरी पाठविले. मग गतविजेता लुईव्हिल. मग मिशिगनविरुद्ध २.३ सेकंद उरले असताना आरन हॅरिसनने तीन गुणांची फेक साधली, विस्कॉन्सिनविरुद्ध ५.७ सेकंद असताना पुन्हा त्यानेच. ७ एप्रिल २०१४ च्या अंतिम सामन्यात केंटकीने पाचही नवखे एकदम मैदानात उतरविले. १९९२ साली मिशिगनच्या 'फॅब फाइव्ह' या प्रसिद्ध पाच नवख्यांनंतर असे प्रथमच घडत होते. टेक्सासमधील त्या क्रीडागारात ७९,२३८ प्रेक्षक होते. कनेक्टिकटने सामना ६०-५४ असा जिंकला. केंटकीच्या २४ फ्री थ्रोंपैकी ११ हुकले. कनेक्टिकटचे दहाच्या दहा आत गेले.

हा हंगाम प्रस्तुत लेखकाला फार बोधप्रद वाटतो तो याचसाठी, की त्यात भाकीत दोनदा चुकले. ऑक्टोबरात ते अतिशयोक्त होते आणि मार्चमध्ये अतिनिराश. दोन्ही वेळा मोजणाऱ्यांनी मुलांचे गुण मोजले. मुले एकमेकांना किती ओळखू लागली आहेत, हे मोजण्याचे साधन त्यांच्यापाशी नव्हते. हंगामापूर्वी सरावासाठी ४२ दिवसांचा कालावधी मिळतो आणि त्यात जास्तीत जास्त ३० सराव घेता येतात. उन्हाळ्यातील मर्यादित तास वेगळे. तीस सत्रांत डावपेच शिकविता येतात. पण संकटाच्या वेळी सोबती डावीकडे वळेल की उजवीकडे, हे न पाहता कळण्यास त्याहून कितीतरी अधिक सहवास लागतो. नव्याचे नऊ दिवस सरल्यानंतरच ते काम सुरू होते.

मापनाचे प्रयत्न झाले नाहीत असे नव्हे. केन पॉमरॉय नावाचे एक हवामानतज्ज्ञ आहेत. वादळवाऱ्याचे अंदाज वर्तविण्याची नोकरी करता करता त्यांनी बास्केटबॉलच्या संख्याशास्त्राची पद्धत उभी केली आणि आज प्रशिक्षकही तिचा आधार घेतात. त्यांच्या कोष्टकांत संघाच्या 'सातत्या'चे एक माप आहे : यंदा खेळल्या गेलेल्या मिनिटांपैकी किती मिनिटे गेल्या वर्षीच्याच खेळाडूंच्या वाट्याला आली, याचे शेकडा प्रमाण. जुने टिकले की अंदाज अधिक भरवशाचा, नवे आले की चुकीची शक्यता वाढते. इतिहासही बऱ्याच अंशी असेच सांगतो. २००७ साली फ्लोरिडा आणि २००९ साली नॉर्थ कॅरोलायना, हे ऑक्टोबरच्या यादीतील पहिले संघच अखेर विजेते ठरले, आणि दोन्ही संघ जुन्या, सरावलेल्या खेळाडूंचे होते. नॉर्थ कॅरोलायनानंतर मात्र २०२५ पर्यंत यादीतील एकाही अग्रक्रमी संघाला विजेतेपद मिळाले नाही. आणि जुनेपण म्हणजे हमी, असेही नाही. २०२२ च्या अंतिम सामन्यात खेळलेले पाचपैकी चार प्रमुख खेळाडू घेऊन नॉर्थ कॅरोलायना पुढच्या हंगामात उतरली, पहिल्या क्रमांकाचा मान मिळाला, आणि राष्ट्रीय स्पर्धेत जागाच मिळाली नाही. १९८५ साली स्पर्धा ६४ संघांची झाल्यापासून अग्रक्रमी संघावर अशी पाळी आलेली नव्हती.

आता २०२४ कडे येऊ. दरम्यान नियम पुन्हा बदलले होते. २०१८ पासून 'ट्रान्सफर पोर्टल' सुरू झाले. २०२१ पासून खेळाडूला एक वर्ष बाहेर न बसता एकदा विद्यापीठ बदलता येऊ लागले आणि त्याच वर्षी आपल्या नावाचा मोबदला घेण्याची मोकळीक मिळाली. २०२४ पर्यंत बदलीवरील संख्येची मर्यादाही उठली. संघ एका उन्हाळ्यात रिकामा होऊ लागला आणि त्याच उन्हाळ्यात भरूही लागला.

मार्च २०२४ मध्ये चौदाव्या मानांकनाच्या ओकलंडने केंटकीला ८०-७६ असे हरविले. कॅलिपारी १५ वर्षांनंतर अर्कान्सासला निघून गेले आणि त्यांच्यामागोमाग शिष्यवृत्तीधारक खेळाडूंपैकी एकही उरला नाही. त्या रिकाम्या घरात मार्क पोप आले. हेच ते आपले अर्धे सहव्यवसायी. १९९६ च्या विजेत्या केंटकी संघाचे ते एक कर्णधार. स्वतःही वॉशिंग्टन विद्यापीठातून बदली घेऊन आलेले. एनबीएतील कारकीर्द संपल्यावर २००६ मध्ये त्यांनी कोलंबियाच्या वैद्यकीय महाविद्यालयात प्रवेश घेतला आणि २००९ मध्ये, बराचसा डोंगर चढून झाल्यावर, प्रशिक्षक होण्यासाठी तो सोडला. आपल्या समाजात एखाद्या मुलाने असे केले असते तर घरात काय प्रसंग ओढवला असता, याची कल्पना वाचकांनीच करावी!

पोप यांनी काही आठवड्यांत बारा खेळाडू जमविले. शब्दशः बारा गावचे बारा. तीन नवखे, त्यांतील ट्रॅव्हिस पेरी आणि ट्रेंट नोआ केंटकी राज्यातलेच. उरलेले नऊ अन्य विद्यापीठांतून आलेले. नॉटिंगहॅमचा इंग्रज अमारी विल्यम्स ड्रेक्सेलहून, एस्टोनियाचा केर क्रिसा वेस्ट व्हर्जिनियाहून, ओटेगा ओवे ओक्लाहोमाहून. सॅन डिएगो स्टेटचा लमाँट बटलर, ज्याने २०२३ च्या उपांत्य सामन्यात अखेरच्या क्षणी चेंडू टाकून आपल्या संघाला अंतिम फेरीत नेले होते. डेटनचा कोबी ब्रे, आदल्या हंगामात तीन गुणांच्या फेकींच्या अचूकतेत देशात पहिला. पोप यांच्याच मागील संघातून आलेला जॅक्सन रॉबिन्सन, म्हणजे नव्या प्रशिक्षकाची भाषा आधीपासून जाणणारा एकटाच.

पत्रकारांनी या संघाला तेविसावा क्रमांक दिला. २०१३ चा पहिला क्रमांक आणि हा तेविसावा, दोन्ही संघ सारखेच नवे. फरक कोठे होता? २०१३ ची मुले अठरा-एकोणीस वर्षांची, अप्रतिम आणि अननुभवी. २०२४ चे बरेचसे खेळाडू महाविद्यालयातील पाचव्या वर्षाचे, बावीस-तेवीस वर्षांचे, एकमेकांना अपरिचित परंतु खेळाला परिचित. बारा गावचे होते खरे, पण बारा गावचे पाणी प्यालेलेही होते. सरसकट 'नवा संघ' असे निदान लिहिले, की हा भेद पुसला जातो. आणि माझ्या मते हंगामापूर्वीच्या भाकितांतील सर्वांत मोठी चूक हीच आहे.

१२ नोव्हेंबर २०२४ रोजी, शिकागोतील त्या पराभवानंतर बरोबर अकरा वर्षांनी, केंटकीने अटलांटात ड्यूकला ७७-७२ असे हरविले. या वेळी नवखा विलक्षण खेळाडू, कूपर फ्लॅग, समोरच्या बाजूला होता आणि अखेरच्या क्षणी ओवेने त्याच्या हातचा चेंडू काढून घेतला. डिसेंबरात गॉन्झागाविरुद्ध अतिरिक्त वेळेत ९०-८९. पुढे टेनेसीला दोनदा नमविले. परंतु दुखापतींनी याही संघाला सोडले नाही. क्रिसाचे पाऊल डिसेंबरात मोडले, बटलरचा खांदा वारंवार निखळण्याच्या बेताला येई, रॉबिन्सनच्या मनगटावर शस्त्रक्रिया करावी लागून त्याचा हंगाम संपला. तरीही २०१३ सारखी पडझड झाली नाही. तिसऱ्या मानांकनाने ते राष्ट्रीय स्पर्धेत उतरले, ट्रॉय आणि इलिनॉय यांना हरवून अखेरच्या सोळांत पोहोचले, आणि तेथे त्याच टेनेसीने त्यांना ७८-६५ असे थांबविले. एकूण २४ विजय, १२ पराभव. कॅलिपारी यांचा अर्कान्सासचा संघही जवळजवळ सर्वस्वी नवाच होता. दहाव्या मानांकनाने तोही अखेरच्या सोळांत गेला आणि वाटेत त्याने पहिल्याच फेरीत कॅन्ससला बाहेर काढले, जे ऑक्टोबरच्या यादीत पहिले होते.

येथे एक गोष्ट खटकते, ती नमूद केली पाहिजे. लेक्सिंग्टनच्या रप अरेनामध्ये वीस हजारांवर प्रेक्षक बसतात. त्यांतील कित्येक घराण्यांकडे पिढ्यान्‌पिढ्या त्याच आसनांची तिकिटे आहेत. पूर्वी मुलगा पहिल्या वर्षी चाचपडत येई, चौथ्या वर्षी कर्णधार होऊन निरोप घेई आणि गावाने त्याला वाढताना पाहिलेले असे. आता एप्रिलमध्ये निरोप आणि जूनमध्ये नव्या नावांची उजळणी. खेळाडूंच्या बाजूने पाहता हे न्याय्यच आहे. प्रशिक्षक कोट्यवधी डॉलर घेऊन हवे तेव्हा जात होते आणि मुलांच्या पायांत मात्र बेड्या होत्या. परंतु अपेक्षा ठेवायची तर आधी ओळख हवी, आणि ओळख व्हायलाच मार्च उजाडू लागला आहे. २०१४ नंतर त्या गावाला आरन हॅरिसनच्या शेवटच्या क्षणांतील फेकी आठवतात, तशा २०२५ च्या कोणाच्या आठवतील, हे पाहावे लागेल.

पुढच्या उन्हाळ्यात त्या बारांपैकी बहुतेकांची खेळण्याची मुदत संपली, काही दुसरीकडे गेले. ओवे, गॅरिसन, चँडलर आणि नोआ असे चौघे राहिले. त्यांच्याभोवती पोप यांनी पुन्हा नवी मंडळी गोळा केली, आणि ऑक्टोबर २०२५ च्या यादीत पत्रकारांनी त्यांना नववा क्रमांक दिला.